पंखा घरघरतोय? आधी तो काढून हातात घ्या

पाऊस संपून धरणं भरली की बोटीच्या इंजिनांबद्दलची पत्रं वाढतात, आणि या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, आउटबोर्डच्या पंख्याचा आवाज. त्यामुळं या अंकातली सगळी जागा त्यालाच देतोय. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, वर मशीन, मधे उभा शाफ्ट, आणि खाली पाण्यात गिअरबॉक्स न् पंखा. आवाज खालून येतो आणि खालचं पाण्यात असल्यामुळं काही दिसत नाही, म्हणून लोक घाबरतात आणि नको ते पार्ट बदलून बसतात.

प्रश्न : नमस्कार काका, आमचं गाव भिगवणच्या पुढं उजनीच्या बॅकवॉटरला. फायबरची बोट आहे, पर्यटकांना फ्लेमिंगो दाखवायला नेतो, 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे. मागच्या महिन्यापासून गिअर टाकून थोडं रेझ केलं की खालून घरघर येते आणि बसायच्या फळीपर्यंत हादरे येतात, न्यूट्रलला काहीच नाही. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलायला लागेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून झोप उडालीय. पंख्याला बाहेरून तर काही झालेलं दिसत नाही. काय करू?
एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : दादा, गिअरबॉक्सला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही पत्रातच अर्धं उत्तर दिलंय, न्यूट्रलला आवाज नाही आणि गिअर टाकला की येतो. म्हणजे वरचं मशीन, उभा शाफ्ट, पाण्याचा पंप हे बहुतेक ठीक आहे, कारण ते न्यूट्रललाही फिरतंच. जे फक्त गिअरमध्ये फिरतं तिथं गडबड आहे, म्हणजे पंखा, पंख्याचा शाफ्ट, त्याची बेअरिंगं आणि क्लच. यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी बिघडणारी गोष्ट पंखा, आणि तो काढायला अर्धा तास पुरतो, मग गिअरबॉक्सपासून सुरुवात का करायची?

काढायच्या आधी एक गोष्ट, आणि ती मी परत परत लिहिणार आहे, कंटाळा आला तरी. बोट काठावर घ्या, इंजिन बंद, लाल दोरीची क्लिप (ती काढली की इंजिन चालू होत नाही) काढून खिशात, आणि स्पार्क प्लगच्या कॅपा काढून ठेवा. गरम टू-स्ट्रोक इंजिन चुकून गिअरमध्ये राहिलं असेल तर पंखा हातानं फिरवताना एखादा स्फोट घेऊ शकतं आणि तेवढ्यात बोटं जातात.

मग पातं आणि वरच्या आडव्या प्लेटच्या मधे लाकडाचा ठोकळा घाला म्हणजे पंखा फिरणार नाही, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली तार) सरळ करून काढा, नट सोडा, वॉशर कुठल्या क्रमानं निघतायत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि पंखा मागं ओढा. आता पंख्याकडं नंतर बघा, आधी त्याच्या मागं शाफ्टवर बघा. तुमच्या भागात रात्रंदिवस मासेमारीची जाळी पडलेली असतात आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, पाण्यात दिसत नाही. पंखा तो गुंडाळून घेतो, तो सरकत सरकत पंख्याच्या पुढं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी जाऊन बसतो, तिथं घासून गरम होतो, वितळून कडक रिंग बनते आणि ती रिंग थेट ऑइल सीलवर चालते. बाहेरून बघितलं तर पंखा एकदम चांगला दिसतो, तुमच्यासारखंच. तिथं तंगूस सापडला तर ब्लेडनं सावकाश कापा, सीलच्या रबराला टोक लागू देऊ नका, आणि शेवटचा धागा निघेपर्यंत सोडू नका.

तंगूस निघाला म्हणून काम संपलं असं समजू नका. सील कापला गेला असेल तर पाणी आत शिरलेलं असणार. इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडासाच सैल करा, पाणी जड असल्यामुळं तळाला बसतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. नंतर सगळं ऑइल पांढऱ्या डब्यात काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, सील बदलायचा, आणि त्याच हाताला स्क्रूंचे वॉशर नवीन टाकायचे कारण पाणी तिथूनही शिरतं. स्क्रूच्या टोकाला करडी बारीक पेस्ट असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. पण बोटांना टोचतील असे कण किंवा चकचकीत तुकडे निघाले तर मात्र मेकॅनिक बरोबर होता आणि गिअरबॉक्स उघडावाच लागेल. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा अडकते. वर्षातून एकदा किंवा शंभर तास चालल्यावर, जे आधी येईल तेव्हा, हे ऑइल बदलायचंच.

आता पंखा. तीन पात्यांपैकी एकाचं टोक जरी दोन-तीन मिलिमीटर वाकलं तरी तो हादरतो, आणि डोळ्यांना ते कळत नाही. पंखा परत चढवा, गिअरबॉक्सला एक पेन्सिल टेपनं अशी बांधा की तिचं टोक एका पात्याच्या कडेला जेमतेम लागेल न लागेल, मग न्यूट्रलमध्ये पंखा हातानं सावकाश फिरवा. तिन्ही पाती पेन्सिलपासून सारख्याच अंतरावरनं गेली पाहिजेत. मग पंखा काढून तीच पेन्सिल उघड्या शाफ्टच्या टोकाशी ठेवा आणि शाफ्ट फिरवा. टोक गोल गोल डुलत असेल तर शाफ्टच वाकलाय, आणि मग दहा पंखे बदललेत तरी हादरे जाणार नाहीत. उजनीचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध, झाडांचे खुंट पाण्याच्या जरा खाली येतात, पळसदेवच्या देवळाचं शिखर वर यायला लागलं की समजायचं आता नेहमीच्या वाटेवरही खाली काहीतरी लागणार. तेव्हा पंखा एकदा ठोकला गेला असेल तर आठवून बघा, आणि नसेल आठवत तरी तपासा.

हादऱ्याचा वेगही बरंच सांगतो. अशा इंजिनांत गिअर साधारण दोनास एक असा असतो, म्हणजे वर मशीन 5000 आरपीएमला असेल तेव्हा पंखा 2500 ला फिरतो, सेकंदाला साधारण 42 फेरे. पातं वाकलं असेल किंवा शाफ्ट वाकला असेल तर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे जाड, अंगात जाणवणारा हादरा, तुमच्या फळीपर्यंत येतो तसा. गिअरचे दात मात्र एका फेऱ्यात कितीतरी वेळा भिडतात म्हणून गिअरची तक्रार बारीक किंवा कर्कश आवाजात येते, रडल्यासारखी. तुम्ही जाड हादरे लिहिलेत म्हणूनच मी पंख्याकडं बोट दाखवतोय. आणखी एक, फॉरवर्ड गिअर टाकून इंजिन बंद असताना पंखा हातानं एका बाजूला फिरवला की कटकट येते ना, ती क्लचची आहे आणि बऱ्याच इंजिनांत ती नॉर्मल असते, ती ऐकवून कुणी गिअरबॉक्स विकू नये. चालत्या बोटीत जोर पडल्यावर कटकट होऊन गिअर सुटत असेल तर ती वेगळी, ती खरी क्लचची झीज.

परत बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस भरपूर, पुढचा जाड वॉशर उताराची बाजू शाफ्टच्या उताराकडं करून, आणि कॉटर पिन नवीन. हा वॉशर उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा पुढं सरकून गिअरबॉक्सला घासतो आणि तो आवाज अगदी तुम्ही लिहिलाय तसाच येतो. मागच्या वेळी पंखा कुणी काढला होता का ते विचारा.

पक्ष्यांसाठीही हे लवकर करा. घरघरणारी बोट लांबूनच थवा उठवते आणि मग दिवसभर त्यांना चरू देत नाही. थव्याच्या बऱ्याच आधी इंजिन बंद करून काठीनं किंवा वल्ह्यानं जायची तुमच्याकडच्या बऱ्याच नावाड्यांची पद्धत आहे, ती इंजिन दुरुस्त झाल्यावरही सोडू नका.

प्रश्न : पानशेतच्या बॅकवॉटरला आमची जागा आहे. 40 हॉर्सपॉवरच्या इंजिनची बोट घेतली, सेकंडहँड. सरळ जाताना ठीक आहे पण वळवली की इंजिन एकदम किंचाळतं, आरपीएम वर जातो आणि बोट मात्र पुढं जायचीच थांबते. थ्रॉटल कमी केला की परत पकड येते. विकणारा म्हणतो पंखा बदला. कुणी म्हणतं कॅव्हिटेशन आहे. नक्की काय?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचा पंखा हवा खातोय. वळताना बोट कलते, इंजिन पाण्याच्या वर येतं आणि पृष्ठभागावरची हवा ओढली जाऊन पात्यांवर पसरते, पात्यांना धरायला पाणीच उरत नाही म्हणून इंजिन मोकळं सुटतं. पंखा बदलून हे जाणार नाही. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट आहे ती बघा, तिचं कामच हवा खाली येऊ न देणं आहे. बोट सपाट जागेवर ठेवून तळाला एक लांब सरळ पट्टी लावून मागं न्या. प्लेट त्या पट्टीच्या रेषेत किंवा एखादा इंच खाली हवी. तुमची वर असणार असा माझा अंदाज आहे. सेकंडहँड बोटींत हे फार होतं, कारण बोट एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं असतं. शाफ्ट बहुतेक 15 इंची असतो किंवा 20 इंची, आणि 20 इंच उंचीच्या मागच्या फळीवर 15 इंची इंजिन लावलं की ते कायम हवाच खाणार. मोजून बघा. फरक थोडा असेल तर इंजिन भोकं बदलून खाली घेता येतं, पाच इंचाचा असेल तर फळी कापणं हा उपाय नाही, इंजिनच बदलून घ्या. त्याबरोबर ट्रिमही बघा, इंजिन बाहेरच्या बाजूला जास्त झुकवून ठेवलं असेल तर आत घ्या. आणि पंख्याच्या बरोब्बर पुढं तळाला काही लावलंय का, मासे शोधायच्या मशीनचा सेन्सर किंवा लाकडी पट्टी, ते पण बघा, कारण त्याच्या मागं बुडबुड्यांचा पट्टा तयार होतो आणि तो थेट पंख्यात जातो.

कॅव्हिटेशन वेगळं. त्यात बाहेरची हवा येतच नाही, पात्याच्या एका बाजूला दाब इतका कमी होतो की पाणी थंड असूनही तिथल्या तिथं उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि जरा पुढं जाऊन फुटतात. फुटताना प्रत्येक बुडबुडा धातूवर घाव घालतो. आवाज खडे भरलेला डबा हलवल्यासारखा. स्टीम टर्बाइन बनवणारा इंजिनिअर चार्ल्स पार्सन्स, त्याला याचा फटका 1894 साली बसला होता, त्याच्या टर्बिनिया बोटीत टर्बाइन भन्नाट होतं पण एकच पंखा, तो इतका जोरात फिरायचा की पाणी तुटायचं आणि बोट पळायचीच नाही. शेवटी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावले तेव्हा 1897 मध्ये ती 34 नॉटच्या, म्हणजे तासाला साधारण 63 किलोमीटरच्या, वर गेली. आपल्या खडकवासल्याला 1916 पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं जिथं तपासतात, तिथल्या इंजिनिअरांना हा प्रकार ओळखीचा असणार, कारण वेगानं पडणारं पाणी सांडव्याचं काँक्रीटसुद्धा असंच खातं. तुमच्या पंख्यावर याची खूण शोधायची तर पात्याच्या पुढच्या कडेला खाच आहे का बघा आणि तिच्या मागं रंग उडून टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडलेत का बघा. असले तर खाच घासून कड गुळगुळीत करा, बऱ्याचदा तेवढ्यानं आवाज जातो.

तिसरी शक्यता पण सांगतो म्हणजे विकणाऱ्याशी बोलताना कामाला येईल. पंख्याच्या आत रबराची बुश असते, ठोकर बसली तर गिअर वाचावेत म्हणून. ती जुनी होऊन सरकायला लागली की पण आरपीएम वाढतो आणि बोट पळत नाही. पण हे वळताना नाही, सरळ जाताना जोरात थ्रॉटल दिल्यावर होतं आणि हळू चालवलं तर काहीच जाणवत नाही. खात्री करायला आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत (पाती जिथं जोडलेली असतात तो मधला गोल भाग) मार्करनं एक सरळ रेघ ओढा, बोट जोरात चालवून या, आणि रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली की बुश गेली.

आणि कळकळीनं सांगतो, पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला हे पुण्याचं प्यायचं पाणी आहे. फाटक्या ऑइल सीलनं त्या पाण्यात एक तास पण बोट चालवू नका. खासगी मोटरबोटीला तिथं परवानगी काय आणि कशी लागते ते जलसंपदा खात्याकडं लेखी विचारून घ्या, इंजिन दुरुस्त करायच्या आधी.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या बोट क्लबच्या सेफ्टी बोटीचा पंखा खडबडीत झाला होता म्हणून मी कानस मारून सगळ्या कडा मस्त गोल केल्या. आता एका ठरावीक स्पीडला शिट्टीसारखा आवाज येतो, वर-खाली केलं की जातो. काही डेंजर आहे का?
एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : डेंजर नाही पण सोडून पण देऊ नकोस. पुढची कड गोल केलीस ते बरोबर, मागची करायला नको होती. मागच्या गोल कडेवरून पाणी सुटताना आळीपाळीनं दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात, आणि त्यांचा वेग पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की पातं गायला लागतं, म्हणून एकाच स्पीडला येतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये व्हॉर्टेक्स शेडिंग शिकला असशील, ते हेच. मागच्या कडेला फक्त एकाच बाजूनं तिरका उतार दे, कड धारदार नको पण चौकोनी स्पष्ट राहू दे, तिन्ही पात्यांना अगदी सारखा, आणि दर वेळी थोडंच घास. जास्त घासलंस तर पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितका पुढं जायला हवा ते अंतर, बदलेल. पंखा काढूनच कर, आणि तरीही लाल क्लिप आधी काढ.

प्रश्न : आमचा मावळातला तरुणांचा ग्रुप आहे, पुरात मदतीला जातो, रबरी बोट आणि दोन इंजिनं आहेत, एक 4 हॉर्सपॉवरचं आणि एक 25 चं. वर्षातले दहा महिने शेडमध्ये पडून असतात. मागच्या पुरात छोट्याचा एकदा खट्ट आवाज आला आणि नंतर इंजिन चालू पण पंखा फिरेचना. मोठ्याला ड्रममध्ये चालवून बघितलं तर खूप खळखळाट आणि हादरे, बिघडलंय का?
एक वाचिका, तळेगाव

उत्तर : ताई, तुमच्या कामाला मनापासून दाद. छोट्याची शिअर पिन तुटलीय. बऱ्याच लहान इंजिनांत रबर बुशऐवजी पंखा एका मऊ धातूच्या आडव्या पिनवर बसवलेला असतो, पंख्यात दगड किंवा लाकूड अडकलं की ती तुटून गिअर वाचवते. पाच मिनिटांचं काम आहे. पण तिच्या जागी खिळा किंवा कडक स्टीलची पिन घालू नका, मग पुढच्या वेळी शाफ्ट तुटेल आणि ते पुराच्या मधोमध झालं तर माणसं अडकतील. दोन पिना, दोन कॉटर पिना आणि एक पक्कड इंजिनलाच पिशवीत बांधून ठेवा.

मोठं बहुतेक ठीक आहे. ड्रममधल्या थोड्याशा पाण्यात पंखा गिअरमध्ये फिरवला की तो स्वतःच ढवळलेली हवा खातो, खळखळाट होणारच. ड्रममध्ये तपासायचं तर पंखा काढून ठेवा आणि न्यूट्रलला ऐका. बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार नीट पडतेय का तेही तिथंच बघा. पाण्याबाहेर एक मिनिट पण चालू करू नका, पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरला की काही सेकंदांत जळायला लागतो. पुराच्या पाण्यात साड्या, वायरी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि आपल्याकडच्या नद्यांत जलपर्णी हमखास पंख्याला गुंडाळते. आवाज बदलला की लगेच न्यूट्रल, मग क्षणभर रिव्हर्स, बऱ्याचदा सुटून जातं, नाही सुटलं तर इंजिन बंद करून, क्लिप काढून, मगच हात घाला. पाण्यात माणूस आहे आणि तो बोटीजवळ आला की इंजिन बंदच करायचं, फक्त न्यूट्रलवर भागवू नका. दर मे महिन्यात दोन्हीचे पंखे काढून ग्रीस लावा आणि जुनं पेट्रोल काढून टाका.

प्रश्न : पुण्यात पंखा दुरुस्त होतो का, की नवीनच घ्यायचा?
एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या शेजारीच भोसरीला अ‍ॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग चांगलं करणारी बरीच शॉप्स आहेत, पण ते काम भरायचं आहे, आकार परत आणायचं नाही. पात्याचा छोटा तुकडा भरून मिळेल, पिच तिन्ही पात्यांना सारखा आलाय का हे मात्र पंख्याचं काम कळणाऱ्यानंच मोजायला हवं आणि नंतर बॅलन्सिंग हवं. वेल्डिंगच्या आधी रबर बुश दाबून बाहेर काढायला सांगा, नाहीतर उष्णतेनं ती सुटते. वेल्ड केलेलं अ‍ॅल्युमिनियम मूळच्याइतकं मजबूत राहत नाही म्हणून तुकडा मोठा गेला असेल तर नवीन घ्या आणि जुना भरून स्पेअर ठेवा. नवीन घेताना हबवर कोरलेले दोन आकडे बघा, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच एक इंचानं कमी केला की फुल थ्रॉटलचा आरपीएम साधारण 150 ते 200 नं वाढतो, त्यामुळं इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला किती आरपीएम हवा लिहिलंय ते आधी बघा, तुमच्या बोटीवर नेहमीची माणसं बसवून प्रत्यक्ष किती येतो ते मोजा, आणि दोन्ही आकडे घेऊनच दुकानात जा.